देवगडात कारखान्याच्या २५ वर्षांनिमित्त आंबा-कोकम मेळा भरवायचाय, नियोजनात मदत हवी

कातळावरची

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमचा फळप्रक्रियेचा लहान कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि भाऊ बघतो. हापूसचा रस, आंबापोळी, फणसपोळी, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम एवढा माल. येत्या हंगामात कारखान्याला २५ वर्षं होतील. त्या निमित्ताने सगळ्यांसाठी खुला असा दोन दिवसांचा मेळा भरवायचं मनात आहे.

सध्याचा विचार असा : मेच्या तिसऱ्या आठवड्यातला शनिवार-रविवार, किनाऱ्यावर मोठा मांडव, चाळीसेक स्टॉल, कारखाना बघायची सोय, संध्याकाळी एखादा नावाजलेला कलाकार आणि रात्रभर दशावतार. दिवसाला ५००० माणसं येतील असं धरलंय. घरगुती कार्य सोडलं तर एवढं मोठं काही आम्ही केलेलं नाही. भावाचं म्हणणं, सगळं कार्यक्रम भरवणाऱ्या एखाद्या कंपनीला देऊन मोकळं व्हावं. मला ते पटत नाही, कारण गावातली माणसं ओळखणारं त्यांच्यात कोणी नसेल. सुरुवात कुठून करू?

रंगमंच

ताई, अभिनंदन. मी पुण्यात याच व्यवसायात आहे. कंपनीला द्या किंवा नका देऊ, आधी एक गोष्ट घरात बसून ठरवा : हा मेळा नेमका कोणासाठी? नवीन गिऱ्हाईक मिळावं म्हणून, की आंबा घालणारे बागायतदार आणि कामगार यांच्यासाठी, की गावासाठी? उत्तरागणिक जागा, वेळ, खर्च सगळंच बदलतं. तिन्हीसाठी असेल तरी त्यातलं पहिलं कोण ते ठरलेलं हवं.

दुसरं, ५००० हा आकडा दिवसाचा आहे. मांडव, पार्किंग, संडास आणि पाणी ठरतं ते एकाच वेळी जागेवर किती माणसं असतील त्यावरून. नावाजलेला कलाकार ठेवलात तर पाचच्या पाच हजार माणसं संध्याकाळी सात वाजता एकदम येतील. तीच माणसं दिवसभरात विभागून आली तर एका वेळी दीड हजारांच्या पुढे जाणार नाहीत. निम्मा खर्च इथेच वाचतो. कलाकाराचा मोह सोडता आला तर सोडा, असं मी या धंद्यात असूनही सांगेन.

आमराई

>> मेच्या तिसऱ्या आठवड्यातला शनिवार-रविवार

ही तारीख आधी बदला. मेच्या मध्यावर कॅनिंगचा (डबाबंद रसासाठीचा) आंबा ऐन भरात असतो. तुमच्या कारखान्यात तेव्हा रात्रपाळी चालू असणार. पल्परवर उभ्या असलेल्या बायकांना मेळ्यात कशा आणणार? आम्ही बागायतदार तरी कुठे मोकळे असतो? राखण, काढणी, गाडी भरणं, आणि आभाळ भरून आलं की राहिलेला आंबा उतरवायची घाई. ज्यांच्यासाठी करताय तीच माणसं येऊ शकणार नाहीत.

शिवाय मेचा दुसरा पंधरवडा म्हणजे वळीव. तौक्ते वादळ २०२१ साली याच दिवसांत आमच्या किनाऱ्याला घासून वर गुजरातेत गेलं. बागा आडव्या झाल्या होत्या. त्या दिवसांत किनाऱ्यावर मांडव ही कल्पनासुद्धा मला सहन होत नाही.

कातळावरची

रंगमंच, आमराई, दोघांचे आभार. कॅनिंगचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मग जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावा का? हवा छान असते, विहिरींना पाणी असतं, कलमं मोहरलेली असतात.

चाकरमानी_डोंबिवली

ताई, जानेवारीत आम्ही कसे येणार? मुलांच्या शाळा असतात. चाकरमानी गावात येतो शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात. आणि हापूस नसलेला आंबा मेळा बघायला मुलांना कुठल्या तोंडाने आणू?

माजी_ग्रामसेवक

फेब्रुवारीला माझाही नकार. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. गावात एक जरी मूल परीक्षेला बसलेलं असेल तरी कर्ण्याचा आवाज लोकांना खपत नाही, आणि खपूही नये. त्याच दिवसांत महाशिवरात्रीची कुणकेश्वरची यात्रा असते. तालुक्यातला पोलीस, एसटी, आरोग्य खातं सगळं तिथे लागलेलं असतं. आंगणेवाडीची जत्रा तर तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, त्यामुळे ती कधी येईल ते आधी सांगता येत नाही. त्या गर्दीच्या शेजारी आपला कार्यक्रम लावायचा नाही.

१ मेच्या आसपासचा शनिवार-रविवार बघा. शाळा सुटलेल्या असतात, आंबा असतो, रातांबे (कोकमाची फळं) पिकायला लागलेले असतात आणि कॅनिंगची खरी गर्दी अजून व्हायची असते.

परवानग्यांचं सांगतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला सगळ्यात आधी, कारण पुढचं प्रत्येक कार्यालय तोच मागतं. मग पोलीस ठाण्यात बंदोबस्त आणि ध्वनिक्षेपकाचा अर्ज, तहसील कार्यालयाला पत्र, महावितरणची तात्पुरती जोडणी, मांडवातल्या वायरिंगची तपासणी, अग्निशमनाचं बघणं, प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र. खाण्याच्या प्रत्येक स्टॉलवाल्याकडे अन्नसुरक्षेचा १४ आकडी नोंदणी क्रमांक हवा. बचत गटांच्या बायकांकडे तो बहुतेक वेळा नसतो, म्हणून त्यांची नोंदणी तुम्हीच पुढाकार घेऊन दोन महिने आधी करून द्या. अर्ज जातीने न्या, पोच घ्या आणि पोचेची झेरॉक्स कार्यक्रमाच्या दिवशी एका फायलीत मांडवात ठेवा. कोणीही विचारायला आलं तर माणसं शोधत फिरावं लागत नाही.

रात्रभर दशावताराचं मात्र जमणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट असते, पण ते दिवस सणांसाठी ठरलेले असतात. मंडळीला संध्याकाळी सहाला उभं राहायला सांगा. आजकाल अडीच-तीन तासांचा प्रयोग सगळेच करतात. फक्त हे सुपारी देतानाच बोला. रंगात आलेल्या संकासुराला साडेनवाला आवरायला सांगणं बरं दिसत नाही.

बंदरकर

किनाऱ्याबद्दल लिहितो. आमचं घर पिढ्यान् पिढ्या मासेमारीचं.

वाळूत मांडव घालण्याआधी तिथी बघायची. आमच्याकडे हिशोब सोपा आहे : तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सव्वाअकराच्या पुढेमागे. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, नेमकी वेळ तक्त्यात बघायची. पण पुनव-अवसेला उधाण असतं, तेव्हा पाणी रोजच्या खुणेच्या बरंच वर येतं. ओहोटीला बघून आलेला माणूस म्हणतो, केवढी मोठी जागा आहे! तीच जागा सहा तासांनी पाण्याखाली असते. बाहेरून येणाऱ्या गाड्या ओल्या वाळूत रुततात आणि भरती चढायच्या आत त्या ओढून काढायला आमच्या पोरांना दोरखंड घेऊन धावावं लागतं. हे दर सुट्टीत बघतो.

आणि पाच हजार माणसांत पाचशे तरी पाण्यात उतरणारच. त्यांच्यावर नजर ठेवायला जीवरक्षक कुठून आणाल? तुमच्या कार्यक्रमाला आलेला माणूस बुडाला तर ते दुःख गावाचं होतं. ताई, किनारा नको.

वाळूतली_पावलं

बंदरकरांना पूर्ण अनुमोदन, आणि एक भर. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून होतात आणि पिल्लं बाहेर पडायचं काम मेपर्यंत चालू असतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून हे संवर्धन उभं राहिलं, आता सिंधुदुर्गातही गावागावांतली मुलं रात्र रात्र राखण करतात. पिल्लं समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने चालतात. मागे मांडवाचे दिवे पेटलेले असले की ती उलटी फिरतात आणि सकाळी वाळूच्या वरच्या बाजूला सुकलेली सापडतात.

भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) येतो, त्यामुळे परवानग्याही वाढतात. पण मी कायद्यासाठी सांगत नाहीये. कृपा करून दिवे किनाऱ्यापासून लांब ठेवा.

कातळावरची

वाचून किनारा मनातून काढून टाकला. कारखान्याच्या मागे सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची साडेतीन-चार एकर मोकळी जागा आहे. तिथे होईल का? सावली अजिबात नाही, हीच काळजी.

मांडववाला_कुडाळ

ताय, मी कुडाळात मांडवाचो धंदो करतंय. सड्यार होतला, पण कातळात खड्डो मारूक जमणा नाय ह्या ध्यानात ठेव. खांब उभे करूचे तर पत्र्याच्या ड्रमात रेती भरून तेच्यात रोवूचे आणि ड्रमाक ड्रम बांधूचो. दुपारी खारो वारो सुटता. देवगडच्या सड्यार पवनचक्क्यो उगाच नाय घातल्यानी. वर आखो कापड ताणलंस तर वारो खाली शिरान मांडव उचलता. शेडनेट घाल, वारो आरपार जाऊक व्हयो. दर्याच्या बाजूक कडेचे पडदे लावू नको. कमान लय उंच करू नको.

वळीवाची ताडपत्री गुंडाळून बाजूक ठेव, पण ती कोण लावतलो आणि कितक्या वेळात लावतलो ता आदी ठरव. गडगडूक लागल्यार माणसा शोधूक वेळ नसता.

मंडप १०० बाय ६० फुटी पुरे. मधल्या वाटा सोडून आठशेक खुर्च्यो बसतत.

रंगमंच

मांडववाले दादांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे.

पार्किंगचा हिशोब देतो. ये-जा करायची वाट धरून एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे कागदावर १६० गाड्या. सड्यावर खाचखळगे असतात, १२० धरा. एका वेळी दीड हजार माणसं आणि त्यातली निम्मी गाडीने आली, गाडीत चौघं, तर १९० गाड्या. दीड-पावणेदोन एकर त्यात गेलं. म्हणजे तुमच्या जागेत बसतं, पण ५००० एकदम आले तर नाही बसणार. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ठेवा, आणि रुग्णवाहिकेची वाट दोरी लावून मोकळी ठेवा.

वाळूतली_पावलं

गाड्या लावण्याआधी सडा नीट फिरून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पुष्कळ ठिकाणी ती मातीखाली, गवताखाली दबलेली असतात आणि जमीनमालकालाही माहीत नसतात. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना रेषा चांगल्या दिसतात. काही दिसलं तर दगडांचं कडं करून तेवढा भाग राखा. जेसीबी फिरवण्याआधी हे करायचं.

सिस्टर_ताई

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते. सडा म्हटल्यावर मला आधी फुरसं हा विषारी साप आठवतो. दगडाखाली बसतं, रंगाने कातळात मिसळून जातं, आणि अंधार पडला की बाहेर येतं. जागा साफ करताना माणसांना बूट आणि काठी द्या, हाताने दगड उचलायला लावू नका. पार्किंगमध्ये आणि संडासाच्या वाटेवर उजेड हवाच. (दिवे खाली तोंड करून लावलेत तर कासवांचंही भागेल.) सर्पदंशाची लस सगळ्यात जवळ कुठे आहे हे मेळ्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करा आणि स्वयंसेवकांना सांगून ठेवा. चावलेल्या जागी कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, हलवायचं कमी आणि न्यायचं लवकर. १०८ ला आधी कळवलेलं असलं तर गाडी जवळपास उभी ठेवायची विनंती करता येते.

उन्हाचं म्हणाल तर ११ ते ४ कार्यक्रमच ठेवू नका. कोकणातला घाम वाळत नाही, त्यामुळे त्रास लवकर होतो, विशेषतः म्हाताऱ्यांना आणि लहानांना. सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ नंतर. दारातच प्रत्येकाला मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत द्या. तुमच्या मालाची ओळख त्यातच होईल.

आमराई

दोन वेळांची कल्पना उत्तम. आता पाण्याचं.

आमच्या सड्यावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये पाणी एक दिवसाआड येतं. ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मेमध्ये बायका कळशी घेऊन रांगेत असतात, ही आपली खरी परिस्थिती. अशा दिवसांत गावच्या नळयोजनेला किंवा सार्वजनिक विहिरीला हात लावलात तर पंचवीस वर्षांचं नाव दोन दिवसांत जाईल. माणशी ५ लिटर धरा, दिवसाला ५००० माणसांचे २५,००० लिटर. ते टँकरने बाहेरून आणायचं आणि कुठून आणलं हे ग्रामसभेत आधी सांगायचं. जमलं तर एक टँकर जास्तीचा मागवून वाडीला द्या.

हात धुतलेलं पाणी कलमांच्या आळ्यात सोडा. पत्रावळी पोफळीच्या विरीच्या घ्या. एकदाच वापरायचं प्लास्टिक आणि थर्माकोल राज्यात २०१८ पासून बंद आहे, तरी स्टॉलवाले लपवून आणतात, ते पहिल्या तासातच तपासा. आणि कोयी फेकू नका. वेगळ्या पिंपात जमा करा. कोय कलमं बांधणारे रोपवाटिकावाले त्या आनंदाने नेतात.

अजून एक, आणि हे मनापासून. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला : रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. तरीही परराज्यातला आंबा देवगडच्या छापील खोक्यात भरून विकला जातो. तुमच्या मेळ्यात आंब्याचा स्टॉल जीआयची नोंदणी असलेल्या बागायतदारालाच द्या. आढीत गवतावर पिकवलेला आंबाच विकायचा, हे करारात लिहून घ्या. प्रत्येक स्टॉलवर एक फळ कापून ठेवायचं, गिऱ्हाईकाने चव घेऊन मगच पेटी उचलायची. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा) निघाला तर फळ बदलून द्यायचं. लोक पुढच्या वर्षी आपसूक फोन करतील.

चाकरमानी_डोंबिवली

+१. मुंबईत आम्ही दरवर्षी फसतो. असा स्टॉल असेल तर मी चार घरांच्या पेट्या एकदम उचलेन.

कारखान्यात काय दाखवणार? मुलांना बघायला आवडेल.

कातळावरची

रस काढायची आणि डबे सील करायची खोली काचेतून दाखवू, वीस-वीस जणांचे गट करून. आत सोडता येणार नाही, स्वच्छतेचा प्रश्न आहे. पण कोकमाचं काम अंगणात मांडायचं ठरवलंय. रातांबे फोडायचे, बिया आणि गर बाजूला करायचे, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा रसात. पुटावर पूट चढतं तसं साल काळंभोर आणि मऊ होतं. आमच्याकडच्या दोन मावश्या हात लावूनच सांगतात की अजून एक पूट हवं. पहिल्या पुटाचं, तिसऱ्या पुटाचं आणि तयार आमसूल ताटांत शेजारी शेजारी ठेवणार, म्हणजे मुलांना बोटाने दाबून फरक कळेल.

आता व्यासपीठाचं विचारते. भाऊ म्हणतो मंत्री, आमदार बोलवायलाच हवेत, नाहीतर परवानग्या अडतात.

माजी_ग्रामसेवक

कागद पूर्ण असले तर परवानगी अडत नाही. लोकप्रतिनिधींना आमंत्रण जरूर द्या, तो मान आहे. पण त्याआधी ग्रामदेवतेला नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, आणि मानकऱ्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगा. व्हॉट्सअॅपवर पत्रिका पाठवून भागत नाही. कोणाला आधी, कोणाला मागून हे गावातल्या एखाद्या जाणत्याला विचारा. भाषणं एकूण अर्धा तास, सकाळी, ऊन चढायच्या आत. निवडणुकीची आचारसंहिता लागण्यासारखी असेल तर व्यासपीठावर पुढाऱ्यांचे फलक लावूच नका.

रंगमंच

ताई, पहिल्या प्रतिसादात विचारलेला प्रश्न अजून उभा आहे. कोणासाठी?

कातळावरची

त्याचं उत्तर मिळालंय, काल घरात बसून बोललो.

पहिला सत्कार आमच्याकडे सुरुवातीपासून असलेल्या बायकांचा. कारखान्याचं छप्पर वादळात उडालं तेव्हा पगाराचं न विचारता त्या आठवडाभर डबे पुसत बसल्या होत्या. शाल-श्रीफळ त्यांना आधी, मग पहिल्या वर्षी उधारीवर आंबा घालणाऱ्या बागायतदारांना. पाहुणे खाली पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतील. भावालाही हे पटलं.

तर आता असं ठरतंय : १ मेच्या लगतचे शनिवार-रविवार. जागा सडा. सकाळी ७ ते ११, दुपारी ४ ते रात्री साडेनऊ. कलाकार रद्द, ते पैसे टँकर, शेडनेट आणि बचत गटांच्या नोंदणीला. स्टॉल चाळीसऐवजी चोवीस. खाण्यात घावणे-रस, शिरवाळे, सांदणं, आंबोळ्या, सोलकढी, सगळं गावातल्या बायकांचं, भाडं न घेता. शनिवारी डबलबारी भजन (दोन बुवांचा सामना), रविवारी दशावतार. खर्चाच्या अंदाजावर १५ टक्के वर धरलेत आणि आलेल्या लोकांना काही इजा झाली तर भरपाई देणारा विमा काढायचा आहे. वादळाचा इशारा आला तर पुढे ढकलायचं की रद्द, हे तीन दिवस आधी मी एकटी ठरवणार.

एक अडचण राहिली. सड्यावर यायचा रस्ता एका गाडीचा आहे, समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घ्यावी लागते.

बंदरकर

मग गाड्या वर येऊच देऊ नका. खाली मोठ्या रस्त्याला लागून शाळेचं मैदान किंवा कोणाचं मळं कापून झालेलं असेल तर तिथे अडवा. वर फक्त म्हातारी माणसं आणि माल. सड्यावरची पार्किंगची जागाही त्यामुळे मोकळी राहील.

माजी_ग्रामसेवक

बरोबर. खालून वर न्यायला देवगड आगारातून प्रासंगिक करारावर एसटी मिळते. आगार व्यवस्थापकांना आत्ताच पत्र द्या, मेमध्ये लग्नांसाठी गाड्या आधीच लागलेल्या असतात. लहान गाडी मागा आणि त्या रस्त्यावर चालकाला एकदा रिकामी गाडी फिरवून बघायला सांगा. नांदगावला किंवा कणकवलीला रेल्वेने उतरणाऱ्या मुंबईकरांसाठी सकाळची एक फेरी त्याच पत्रात मागून घ्या. पत्राचा मसुदा हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, रात्री लिहून देतो.

कातळावरची

व्यनि केलाय, काका. उद्या भाऊ आगारात जातोय.